तीन स्क्रीन, एक वही

यात्रा कमिटीच्या सेक्रेटरीने बबनतात्यांना फसवलं. बैलगाड्यांच्या शर्यतीत तात्यांचा गाडा सगळ्यांत कमी वेळात घाट चढला आणि नाव लागलं सेक्रेटरीच्या मेहुण्याच्या गाड्याचं. ही फसवणूक माझ्या प्रोग्रॅममधून झाली आणि नंतर दोषही माझ्याच प्रोग्रॅमवर टाकला गेला. कमिटी आजही म्हणते, "कॉम्प्युटरची चूक." ती चूक कोणत्या ओळीत, कोणी आणि का केली, हे मी इथे लिहिणार आहे.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण गाव दोषी नाही. सेक्रेटरींना मी विलासराव म्हणतो. खरं नाव वेगळं आहे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

नारायणगावात माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. बारावी नापास. इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी चढलो ती तिथले मोडके मॉनिटर उचलायला. पुण्यातून जुन्या मशीन आणायच्या, तीन मोडून दोन चालू करायच्या, आणि गिऱ्हाइकाला हवा तसा प्रोग्रॅम लिहून द्यायचा, हा धंदा. नव्वदच्या दशकात आमच्याकडे हे करणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी भाव सोडत नसे. सौद्याला बसलो की समोरच्याचा चहा घेत नसे. चहा घेतला की माणूस मऊ पडतो. रागीट म्हणून माझं नाव होतं, ते खरं आहे. पण दिलेलं काम पक्कं असायचं, आणि हेही खरं आहे.

माझं बहुतेक काम एकाच दुखण्यावरचं होतं. एकच यादी दोन-तीन ठिकाणी दिसायला हवी, प्रत्येक ठिकाणच्या माणसाला ती बदलताही यायला हवी, आणि एकाने बदलली की बाकीच्यांना लगेच कळायला हवी. ऐकायला सोपं आहे. माझ्या डोक्यावरचे केस यातच गेले.

पहिला मार मंचरला खाल्ला. तिथे एक मंगल कार्यालय होतं. मालक आण्णा वरच्या मजल्यावर राहायचे, मॅनेजर खाली ऑफिसात बसायचा. दोघांनाही तारखा द्यायच्या होत्या, म्हणून दोन कॉम्प्युटर, मध्ये वायर. मी काय केलं, सकाळी दोन्ही मशीनवर तारखांची यादी उतरवून घ्यायची आणि संध्याकाळी जो तो आपली यादी परत ठेवेल अशी सोय केली. म्हणजे जो शेवटी ठेवेल त्याची यादी खरी. आधीच्याने दिवसभर लिहिलेलं पुसलं जायचं, आणि त्याला पत्ताही नसायचा. व्हायचं ते झालं. वैशाखात एका मुहूर्ताला दोन वऱ्हाडं दारात. दोन बँड, दोन घोडे, आणि मधे उभे आण्णा.

मला निरोप आला. मी पोचलो तेव्हा एक लग्न आत आणि एक बाहेरच्या मांडवात लागलं होतं. आण्णा जिन्यात बसले होते.

"दत्ताभाऊ, दोन्हीकडच्या जेवणाच्या पंगती म्या एका आचाऱ्यावर काढल्या. आता तुमाला कोन्त्या पंगतीत बसवू?"

मी म्हटलं, "आण्णा, चूक माझी आहे. दुरुस्त करून देतो, पैसे घेणार नाही."

"पैसं न्हाई घेनार म्हंजी लईच मोठी चूक दिसती."

दुरुस्ती अशी केली. यादी एकच ठेवायची, मी तिला वही म्हणतो. ती एकाच मशीनवर. स्क्रीनवर दिसतं ते त्या वहीचं प्रतिबिंब. स्क्रीनची स्वतःची यादी नाही. कोणी काही बदललं की स्क्रीन वहीला विचारते, "मी पाहिलं तेव्हा ही तारीख मोकळी होती, अजून आहे का?" असेल तर वही लिहून घेते. मधल्या वेळात दुसऱ्याने ती तारीख घेतली असेल तर वही नाही म्हणते आणि नवी स्थिती दाखवते.

आण्णांना तेही खपलं नाही. "माझ्या हॉलमधी माझं मशीन मला न्हाई म्हनतंय?"

"हो. तुम्हाला नाही म्हणणारं या इमारतीत दुसरं कोणी नाही, म्हणून."

वरून त्यांच्या बायकोचं हसणं ऐकू आलं. तो प्रोग्रॅम पुढे कित्येक वर्षं चालला.

आता शर्यतीचं सांगतो. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सावकाश.

जुन्नर-आंबेगावात घाट म्हणजे चढाचा धावमार्ग. गावच्या यात्रेला तिथे बैलगाडे पळतात. एका वेळी एकच गाडा, चार बैल. खालून सुटायचं, वर निशाण. त्या एका धावेला बारी म्हणतात आणि तिची वेळ सेकंदाच्या बारीक भागापर्यंत मोजतात. दिवसभरात ज्याची वेळ सगळ्यांत कमी, तो घाटाचा राजा. ढाल त्याची, आणि पुढच्या यात्रेपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर चर्चा त्याचीच.

बाऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, पण तो कागदावरच राहतो. बैल टेम्पोतून उतरून अजून थारावलेला नसतो. एकच बैल दोन मालकांच्या गाड्यांत जुंपायचा असतो आणि मध्ये त्याला दम घ्यायला हवा असतो. मग गाडामालक आपसात तोंडी बारी बदलतात. "तात्या, तुमी व्हा म्होरं, आमी मागनं येतो." एवढ्यावर होतं. त्याला कोणी नाही म्हणत नाही, कारण उद्या आपल्यावर तीच वेळ येते.

या अदलाबदलीची खबर तीन ठिकाणी जायला हवी. खाली कमिटीचा मांडव, तिथे क्रम असतो. मध्ये निवेदकाचं स्टेज, तो माईकवरून मालकाचं आणि बैलांचं नाव पुकारतो. आणि वर घड्याळाचं टेबल. घड्याळावर बसणारा पंच मुद्दाम दुसऱ्या तालुक्यातला आणतात. त्याला इथला कुठला गाडा कोणाचा ते माहीत नसावं, असा रिवाज. त्याने सेकंद बघायचे आणि बारीच्या नंबरासमोर लिहायचे. ओळख नाही म्हणून पक्षपात नाही. रिवाज चांगला आहे, आणि यातच घात झाला.

पूर्वी मांडवातून वर माणसं चिठ्ठ्या घेऊन पळत. एखादी चिठ्ठी भंडाऱ्याच्या ढगात हरवे, मग हाणामारी. दोन हजार सालानंतर केव्हातरी विलासराव माझ्या दुकानात आले. पांढरे कपडे, हातात दोन मोबाईल.

"भाऊ, तिन्ही टेबलांवर कॉम्प्युटर पायजेत. खाली बदललं की वर दिसलं पायजे."

"आणि वर बदललं तर खाली?"

"तेबी."

आम्ही दोन तास घासाघीस केली. त्यांनी चहा मागवला, मी घेतला नाही. शेवटी रकमेत मी खाली आलो, पण तीन अटी घातल्या. स्क्रीनच्या तळाशी माझ्या दुकानाचं नाव राहील. कागद, प्रिंटरची रिबिन, वायर जे लागेल ते मी पुरवीन, बाहेरचा माल लावायचा नाही. आणि प्रोग्रॅम दुसऱ्या कोणी उघडायचा नाही. विलासराव म्हणाले, "तुमचा प्रोग्रॅम उघडून आमाला काय त्यात बटाटं लावायचंत?" मला हसू आलं. मी हसलो, ती पहिली ढील.

पहिली चाचणी माझ्या दुकानात घेतली. तेव्हा घाईत मी तिन्ही स्क्रीन एकमेकींना निरोप देतील असं लिहिलं होतं. खालच्या स्क्रीनवर एक बारी बदलली. तिने मधलीला सांगितलं. मधली बदलली, तिला वाटलं आपल्याकडेच काही बदललं, तिने वरचीला सांगितलं. वरचीने परत खालचीला. तिन्ही मशीन एकमेकींना तीच बातमी सांगत गोल फिरत राहिली आणि थिजली. प्लग काढावा लागला.

मग मंचरचीच वही इथे आणली, मांडवातल्या मशीनवर. स्क्रीनने स्क्रीनशी बोलायचं नाही. जे काय असेल ते वहीला सांगायचं. वही तपासून लिहील आणि मग तिघींना एकदम सांगेल, "बदललं, पुन्हा बघा." आणि वहीने सांगितलं म्हणून स्क्रीन बदलली, तर तो स्वतःचा बदल समजून परत वहीकडे पाठवायचा नाही. एवढ्या नियमांवर सगळं उभं होतं. पुढे पुण्याच्या एका इंजिनिअरने सांगितलं की याला पुस्तकात नाव आहे, मॉडेल म्हणजे वही वेगळी आणि व्ह्यू म्हणजे स्क्रीन वेगळी, त्याचे आराखडेही छापलेले आहेत. मला पुस्तकाचा राग आला नाही. ते पुस्तक माझ्या हातात दहा वर्षं आधी का पडलं नाही, याचा आला.

यात्रेच्या आदल्या दिवशी घाटात चाचणी झाली. सगळं चाललं, पण निवेदक वैतागला.

"भाऊ, म्या नाव वाचाया जातो तर वळ खाली सरकती. माईकवर कुनाचं नाव कुनाला लागंल न्हाय ते."

म्हणणं बरोबर होतं. क्रम बदलला की वही सगळ्यांना सांगे आणि यादी डोळ्यांसमोर हले. मी तिथेच बसून प्रत्येक स्क्रीनला 'थांब' असं बटण दिलं. दाबलं की यादी गोठते, पुन्हा दाबलं की ताजी होते. पण गोठलेली यादी शिळी असते. म्हणून वर पिवळी पट्टी येईल, आणि गोठलेल्या स्क्रीनवरून काहीही लिहिता येणार नाही, अशी एक ओळ मी घातली. वाचायचं असेल तर थांबवा, लिहायचं असेल तर सोडा.

विलासराव मागे उभे होते. "लिवता का न्हाई येनार?"

आणि मी, शहाणा माणूस, त्यांना समजावून सांगितलं. समजा वरची स्क्रीन गोठली आहे. एवढ्यात खाली दोन गाड्यांनी बारी बदलली. वहीत बदललं, वर दिसलं नाही. वही वेळ नंबरावर नाही, गाड्याच्या नावावर घेते, आणि त्या नावासमोर जागा मोकळी आहे एवढंच तपासते. वरच्या पंचाने शिळ्या नावासमोर वेळ टाकली, की एकाचे सेकंद दुसऱ्याच्या नावावर. आणि मग थांब सोडलं की तिन्ही स्क्रीन तंतोतंत जुळतील, कारण वहीतच चुकीचं बसलेलं असेल. कोणाला शंकाही येणार नाही.

"आसं व्हय," विलासराव म्हणाले. "बरं झालं इचारलं."

चोरीचा रस्ता मी स्वतः बोट धरून दाखवला. हे मला आजही टोचतं.

यात्रेच्या दिवशी दुपारी तीसेक बाऱ्या झाल्या असतील, विलासराव घाईने आले. "दत्ताभाऊ, रिबिन गेली. निकालाचा कागद फिका येतोय. पळा." रिबिन मी आदल्या दिवशीच घातली होती. पण अट माझी होती, माल मीच पुरवणार. दुसऱ्या कोणाला पाठवलं तर तो भलतीच आणेल, म्हणून मी स्वतः निघालो. नारायणगावची जीप भरेपर्यंत फाट्यावर उभा. ती भरली तरी ड्रायव्हर आणखी दोन माणसांची वाट बघत होता. त्याच्याशीही भांडलो.

बबनतात्या मढच्या वरच्या अंगाचे. डोंगरातली भाताची खाचरं आणि नाचणी. गाड्याचा नाद वडिलांपासून, पण बागायतदारांसारखे लाखालाखाचे बैल विकत घेणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांचा कवड्या घरच्या गाईचा. बाकीचे तीन बैल सोयऱ्यांचे. त्या घाटात त्यांचा गाडा कधी राजा झाला नव्हता, आणि कवड्याचं वय बघता ही शेवटचीच संधी होती. चिठ्ठीत त्यांची बारी बेचाळिसावी, विलासरावांच्या मेहुण्याची एक्केचाळिसावी. मेहुणा खाली येऊन तात्यांना म्हणाला, "तात्या, आमचा धुरंचा बैल बिथारलाय. तुमी व्हा म्होरं." तात्या झाले. हीच ती तोंडी अदलाबदल.

मांडवात विलासरावांनी स्वतः ती स्क्रीनवर नोंदवली. अगदी रीतसर. निवेदकाच्या स्क्रीनवर लगेच दिसली, म्हणून त्याने माईकवर पुकारलं, "एक्केचाळिसावी बारी, मढकर बबनतात्या, कवड्याचा गाडा." हजारो लोकांनी ऐकलं. गाडा असा गेला की वरच्या पंचाने घड्याळ दोनदा बघितलं. अकरा सेकंदांच्या आत. दिवसभरात तशी वेळ नव्हती.

वरच्या पंचाच्या स्क्रीनवर मात्र एक्केचाळिसासमोर अजून मेहुण्याचंच नाव होतं. ती गोठलेली होती. पंचाने रिवाजाप्रमाणे नावाकडे न बघता नंबर बघितला, वेळ टाकली. आणि गोठलेल्या स्क्रीनने ती घेतली.

मी रिबिन घेऊन परतलो तेव्हा बक्षिसं सुरू होती. ढाल मेहुण्याच्या खांद्यावर, भंडारा उधळलेला. तात्या स्टेजखाली उभे. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"भाऊ, त्या पडद्याखाली नाव तुमचंच ना? मग वाचा की. कवड्याम्होरं किती सेकंद ल्हिवल्यात?"

मी वाचलं. मेहुण्याच्या रडतखडत चढलेल्या गाड्याची वेळ तात्यांच्या नावावर होती. तिन्ही टेबलांवर जाऊन बघितलं. तिन्हीकडे तेच. माझं काम चोख होतं, खोटं तिन्हीकडे सारखं पोचलं होतं.

मी ओरडलो. विलासराव शांतपणे म्हणाले, "कॉम्प्युटरमधनं आलंय. कॉम्प्युटर कुनाचा पावना न्हाई." लोक हसले. तात्यांचे सोयरे पुढे सरसावले, तेव्हा कमिटीतला एकजण म्हणाला, "डोंगरातली मानसं, हारल्यावर आसंच करत्यात." तात्यांनी कवड्याचं दावं सोडलं आणि टेम्पोकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन दुकानात आली. मी प्रोग्रॅम उघडला. गोठलेल्या स्क्रीनला लिहू न देणारी माझी ओळ जागेवर होती, पण तिच्या आधी एक बारकी तिरकी टिकली होती. अशी टिकली घातली की ती ओळ मशीनच्या लेखी नुसता शेरा होते, चालत नाही. पिवळ्या पट्टीच्या ओळीआधीही तशीच टिकली. माझ्या हातून असल्या टिकल्या होत नाहीत. नको ती ओळ मी खोडूनच टाकतो.

वहीच्या मागे मी एक नोंद ठेवत असे. कोणत्या स्क्रीनवरून, किती वाजता, काय बदललं. मी फाट्यावर जीपची वाट बघत होतो तेव्हा वही असलेल्या मशीनवर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केलेला होता. त्यानंतर वरच्या स्क्रीनवर थांब दाबलेलं. मग विलासरावांच्या स्क्रीनवरून बारीची अदलाबदल. मग वरून टाकलेल्या दोन बाऱ्यांच्या वेळा. मग थांब सोडलेलं. चौकशी केली तेव्हा कळलं, कॉम्प्युटर क्लास चालवणारा एक गृहस्थ त्या दुपारी मांडवात येऊन बसला होता आणि "वायर बघतो" म्हणून वरच्या टेबलावरही जाऊन आला होता. त्याला बोलावणं विलासरावांचं.

मी ती नोंद छापून, त्याच नव्या रिबिनवर, कमिटीच्या बैठकीत नेली. विलासरावांनी कागद उलटसुलट केला.

"हे तुमीच टाईप केलं नसंल कशावरनं?"

नोंद माझ्या मशीनवरची, प्रोग्रॅम माझा, नाव माझं. मी टेबलावर हात आपटला, खुर्ची पडली. मग ते म्हणाले, "बघा, कॉम्प्युटरची चूक झाली आसंल तर ती ह्यांची. निकाल लागला त्यो लागला." त्या दिवशी कॉम्प्युटर चुकत नाही म्हणून निकाल बदलायचा नव्हता. आज कॉम्प्युटर चुकतो म्हणून दोष माझा. दोन्ही वेळा ढाल मेहुण्याच्या घरातच.

निवेदकाकडे गेलो. त्याच्या स्क्रीनवर खरं नाव होतं, त्याने ते स्वतः पुकारलं होतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, म्होरल्या आठवड्यात मला ह्याच लोकांनी दुसऱ्या घाटात लावलंय. मी बोलून पोट भरतो, राव. मला बोलाया लावू नका."

माझ्या चुका मी लिहून देतो. प्रोग्रॅमचा उघडता येणारा मजकूर मी त्या मशीनवर ठेवला, कारण घाटात दुरुस्ती करावी लागली तर हाताशी हवा होता. त्याला कुलूप घातलं नाही. नोंद अशा ठिकाणी ठेवली जिथे फक्त मीच साक्षीदार. आणि ज्या माणसाला भाव करताना चहा नाकारला, त्याला प्रोग्रॅमचं मर्म फुकट सांगितलं. त्यानंतर दोन्ही तालुक्यांत एकाही यात्रा कमिटीने मला बोलावलं नाही. त्याचं एक सोडून देतो. दुकान दुसऱ्या कामावर चाललं.

तात्यांचं सोडत नाही. त्यांनी त्या घाटात परत गाडा नेला नाही. मी एकदा डिंगोऱ्याच्या पुढे, मढला गेलो होतो. कवड्या गोठ्यात होता, थकलेला. तात्या म्हणाले, "मला ढाल नको. म्या खोटं बोललो आसं मानसं म्हंत्यात, तेवढं तुमी काढा." मी काढतो म्हणालो. तेव्हापासून मी सांगत फिरतोय, आणि लोक म्हणतात, कॉम्प्युटरचं आहे, आपल्याला काय कळतं.

म्हणून इतकं समजावून लिहिलं. आता कळत नाही असं कोणी म्हणू नये.

विलासराव, तुमच्याकडून मला तीन गोष्टींचं उत्तर हवं, त्यातल्या पहिल्या दोन्हींचं लेखी. माझी रिबिन नवी असताना मला नारायणगावला का पाठवलंत? त्या क्लासवाल्याला मांडवात कोणी आणि कशासाठी बसवलं? आणि तिसरं, ज्याच्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. तुम्ही खाली उभे होतात. गाडा तुमच्या समोरून सुटला. अदलाबदल तुम्ही स्वतःच्या बोटाने नोंदवलीत. येत्या यात्रेत, त्याच घाटात, त्याच माईकवर, सगळ्या गावासमोर आणि बबनतात्यांना समोर बसवून सांगा: एक्केचाळिसावी बारी कोणाची होती?